तिला पाणी कळतं

चार ऑक्टोबर. संध्याकाळी फाटलेलं जाळं शिवायला घेतलं. ते माझ्याच हावरेपणानं फाटलं होतं, पण राग शेजारच्या होडीतल्या त्या पोरीचा येत होता.

पाऊस उघडला की उजनी धरणाचं पाणी निवळतं आणि चिलापी मासळी जागा बदलते. आम्ही बाकीचे चार ठिकाणी जाळी टाकून बघतो. ती होडीतून एक पाय पाण्यात सोडते, गप्प बसते आणि म्हणते, "आज काठाला हाय, बरं का." मासे तिथंच असतात. मी वीस वर्षं होडी वल्हवतेय. तिला पाचसुद्धा झाली नाहीत.

आज सकाळी मी गुपचूप तिच्या पलीकडं जाळं टाकलं. ते पाण्याखालच्या बाभळीत अडकलं. ती होडी घेऊन आली.

"काकू, मागं मागं येण्यापरीस इचारायचं की! तितं बाभळ हाय."

तिनं काट्यांतून जाळं सोडवून माझ्या हातात दिलं. वर म्हणाली, "उद्या माझ्या जागंवर तुमीच टाका. मी दुसरीकडं बघते."

पाच ऑक्टोबर. सकाळी मी तिथंच जाळं टाकलं. ते भरून आलं. काठावर व्यापाऱ्यानं विचारलं, "काकू, जागा कुणी दावली?"

ती शेजारीच मासे निवडत होती.

मी म्हणाले, "मला कुणी कशाला दावायला पाहिजे?"