पहिला जाळ

वॉन शहरातल्या शेगड्यांच्या दुकानात तिथल्या काकांनी माझं बायकोशी चाललेलं बोलणं ऐकलं आणि मराठीतच विचारलं, "पुण्याचे का?" काका अलिबागकडचे ज्यू, कॅनडात येऊन चाळीस वर्षं झालेली. आम्हाला घरातल्या जुन्या फायरप्लेसमध्ये बसणारी, काचेच्या दाराची लाकडाची शेगडी हवी होती. मी सगळ्यांत मोठी दाखवली, तर त्यांनी मान हलवली.

"ही घेतलीस तर खोली फार तापेल. मग हवा कमी करून नुसती धुमसत ठेवशील आणि चिमणीत काजळी धरेल. लहान घे, पण नीट पेटव."

बोलताना ते हातातली मापाची टेप उगाचच ओढायचे नि सोडायचे.

शनिवारी येऊन त्यांनी चिमणीत स्टीलचा पाइप सोडला, शेगडी बसवली आणि पहिला जाळ स्वतः केला. बर्चची लाकडं छान पेटली. तरी ते निघेनात. हातमोजे काढून जमिनीवरच बसले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "पोरी, मराठीत काहीतरी बोल ना. काहीही चालेल. आमची ही गेल्यापासून घरात मराठी ऐकलीच नाही. मुलं इंग्लिशमध्येच उत्तर देतात."

ती गोंधळली. मग संध्याकाळी काय रांधणार तेच सांगू लागली. वरणाला लसणाची फोडणी, कोबीत चण्याची डाळ. काका जाळाकडे बघत ऐकत राहिले. डोळे वाहत होते, पण त्यांनी पुसले नाहीत.

चिमणी वर्षातून एकदा झाडली की पुरते. आम्ही मात्र दर महिन्याला फोन करतो, "काका, चिमणी बघून जाता का?"

ते लगेच येतात. ब्रश गाडीतच ठेवून.