काडतुसं आणि कारण

रामटेके काका. नाव आधी लिहून ठेवते. काय झालं ते सांगताना माझं बोलणं भरकटतं, आणि ज्यानं हात दिला त्याचंच नाव राहून जातं.

भिलाईत कॅम्प-१ नावाच्या वस्तीतल्या एका बँकेच्या दारावर काका गनमॅन होते. दुनळी बंदूक त्यांची स्वतःची. परवानाही त्यांच्याच नावाचा, म्हणून जेवायला येतानाही ती सोबत आणावी लागे. माझ्या मावशीची खानावळ बँकेपासून चार दुकानं सोडून. काका उंबऱ्याबाहेर थांबत, बंदूक उघडून दोन्ही काडतुसं काढत आणि चुलीजवळ जी बाई असेल तिच्या हातात देत. "ठेव माय, जेवण होईपर्यंत." मग रिकामी बंदूक भिंतीला टेकवून नेहमी दाराकडे तोंड करून बसत. दुसरी जागा रिकामी असली तरी नाही.

मी भंडाऱ्याकडची. आठवीत शाळा सुटली, अठरा सरताच लग्न झालं, आणि दोन वर्षं मार खाऊन मी मावशीकडे पळून आले. नवऱ्याला पत्ता लागला. फोनवर म्हणायचा, "थोबाड असं करीन का आरसा पाह्यची नाहीस." मी कुकरच्या शिट्टीलाही दचकायची. बाजारातल्या एकानं देशी कट्टा आणून देतो म्हटलं, तेव्हा कुठे मला जरा हायसं वाटलं. तेच मी काकांना सांगितलं.

"कट्टा?" काकांचा घास हातातच राहिला. "तो समोर फुटन का हातात, हे बनवणाऱ्यालेही मालूम नसते. बोटं गेली त पोळ्या कशा लाटशील?"

"मंग तुमी कावून ठेवता बंदूक?"

"भेतो म्हणून." ते हसले नाहीत. "सारा कॅम्प मले हिंमतवाला समजते. तू कोणाले सांगू नको."

"कशाले भेता?"

"वरण वाढ."

त्याच आठवड्यात, भर दुपारी, काका जेवत असताना नवरा दारात येऊन उभा राहिला. काडतुसं माझ्या मुठीत होती. मी मूठ पुढे केली. काकांनी तिकडे पाहिलंच नाही. ताट उचललं आणि उंबऱ्यात जाऊन मांडी घातली, अख्खं दार अडवून.

"या जवाईबापू, बसा. वांग्याची भाजी आहे."

"शीलाले बाहेर पाठवा."

"ते कामात आहे. मी जेवून राहिलो. मले हळू जेवाची आदत आहे." आणि आत वळून, "माय, अजून एक पोळी."

तो भिंतीला टेकलेल्या बंदुकीकडे बघत होता. ती रिकामी आहे हे त्याला कुठे ठाऊक! पाचव्या पोळीला तो शिव्या घालत निघून गेला. एरवी काका दोनच खात.

मी विचारलं, "काडतुसं कावून नाही मागितली?"

"मागितली असती त तू देली असती, अन् मी भरली असती." त्यांनी पाण्याचा पेला एका दमात संपवला. "बंदूक पायजे न तुले? मंग कायद्यानं घे."

दुसऱ्या दिवशी ते परवान्याचा फॉर्म छापून घेऊन आले. हत्यार कशासाठी पाहिजे, असा त्यात एक रकाना होता, जेमतेम दोन बोटं रुंद. मी काकांना विचारलं, तुम्ही काय लिहिलं होतं? 'आत्मरक्षा', ते म्हणाले. मीही तेच लिहिलं.

"हे त सारेच लिहितात. मले कोणी पुढं विचारलं नाही, म्हणून मी बी तेवढंच लिहिलं. तू पुरं लिही. कोणापासून? कवापासून? तो काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत."

रकाना संपला, फॉर्मची मागची बाजू संपली. मग वहीची चार पानं जोडली. तीन दुपारी मी लिहीत होते, माझ्या आठवीतल्या अक्षरात. तापलेल्या तव्याचं लिहिलं. ते मी मावशीलाही सांगितलं नव्हतं. काका वाचायचे नाहीत. जेवण झालं की नुसतं विचारायचे, "अजून आहे का?" आणि मी मान हलवली की उठून जायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी सुट्टी काढली. "बंदूक मिळन तवा मिळन. कारण त आजच जमा करू."

ठाण्यात एक तरुण छत्तीसगढी पोलीस बाई बसली होती. "मराठी म लिखे हस का, बहिनी?" मराठीतच लिहिलं म्हणून मला लाज वाटली. "ला, समझ म आ जाही," ती म्हणाली आणि पानांसाठी हात पुढे केला. तिनं शेवटपर्यंत वाचलं. तोवर तिच्या चहावर साय धरली होती. त्याच दिवशी तक्रार नोंदली गेली, माझी पानं जोडून. फॉर्म तिनं परत दिला. बाहेर आल्यावर मी काकांकडे रोखून पाहिलं.

"फसवलं नाही बाई," ते म्हणाले. "फॉर्म खरा आहे. पायजे तवा भर."

अजून भरलेला नाही. खटला चालू आहे, तारखेला मी स्वतः जाते. नवरा पुन्हा इकडे फिरकला नाही. दारात सावली पडली की अजूनही माझं लाटणं थांबतं. पण शिट्टीला आता दचकत नाही. बाहेरून दहावीला बसायचा फॉर्मही भरला आहे. तो मात्र भरला.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तशी त्यांनी नोकरी सोडली, बंदूक ठाण्यात कायमची जमा केली आणि लेकीकडे गोंदियाला जायला निघाले. शेवटच्या दिवशी जेवायला आले. उंबऱ्याबाहेर थांबले, सवयीनं हात खांद्यावरच्या बंदुकीकडे गेला, आणि रिकामा तळवा त्यांनी मला दाखवला. "आज ठेवाले काही नाही, माय." बसले मात्र दाराकडेच तोंड करून.

वाढता वाढता मी पुन्हा विचारलं, "काका, कशाले भेता?"

त्यांनी पोळी वरणात कुस्करली. "तुह्यापेक्षा जास्त कागद लागन," म्हणाले.

काका, वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत. ती घेऊन एक दिवस मी गोंदियाला येईन. उंबऱ्यात मी बसेन, अख्खं दार अडवून. तुम्ही दाराकडे पाठ करून बसा, आणि पुरं सांगा. थांबलात तर मी विचारीन, "अजून आहे का?"