उत्तरेकडची सावली

सलमाबादच्या आमच्या ऑफिसात उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या सोलर प्रकल्पाचा आराखडा चालला होता. तिकडे जमीन महाग, म्हणून अर्धी हयात इथे आखातात काढलेल्या साहेबांनी पॅनलच्या रांगा इथल्यासारख्याच खेटून बसवल्या.

"साहेब, तिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम वर येतो," मी म्हटलं. "भर दुपारीही मागच्या रांगा सावलीत जातील. वीज सगळ्यात महाग असेल, तेव्हाच आपली बंद!"

"सावली?" साहेब हसले. "अरे, इथे गाडी लावायला सावली मिळत नाही. यल्ला, चल, पाठव."

मी चडफडत पाठवलं.

आता हिवाळ्यात तिथून फोटो आलेत. पहिली रांग उजळलेली, मागे सगळा अंधार. साहेबांनी ते उघडूनही बघितले नाहीत. आज तोच आराखडा त्यांनी पुन्हा माझ्या टेबलावर ठेवलाय. देश तेवढा बदललाय. हा आणखी उत्तरेला आहे.