शिलाईच्या दुकानातला बांबू

धाराशिवला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक बाई ब्लाऊज शिवतात. त्यांच्या मशीनजवळ काचेच्या भांड्यात लकी बांबूच्या तीन काड्या असायच्या, दुकान उघडलं तेव्हा बहिणीनं दिलेल्या. बाई स्वतः बोअरचं पाणी प्यायच्या, पण बांबूला जारचं घालायच्या. खाऱ्या पाण्यानं त्याची पानं करपतात म्हणून.

उन्हाळ्यात एक काडी बुडापासून पिवळी पडली. त्याच सुमारास समोर तयार ब्लाऊजचं मोठं दुकान निघालं आणि बाईंकडची गर्दी ओसरली. नेहमीच्या एक काकू म्हणाल्या, "बांबू पिवळा पडला की नशीब फिरतं म्हणतात. टाकून दे तो."

"नशीब न्हाय काकू, बूड सडलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी पिवळा भाग कापून टाकला, हिरवा शेंडा वेगळ्या ग्लासात ठेवला आणि पुन्हा मशीनवर बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याआधी दुकान उघडायला लागल्या.

पावसाळा सरता सरता शेंड्याला लालसर मुळं फुटली. त्याच काकू लेकीच्या लग्नाचे ब्लाऊज शिवायला घेऊन आल्या आणि तिच्या नव्या घरासाठी तो शेंडा मागू लागल्या.

"न्या की," बाई म्हणाल्या. "पण उन्हात ठेवू नको म्हणावं. आन पाणी आठवणीनं बदलायचं, नशिबावर सोडायचं न्हाय."