आधी कोणाची तार

आमच्या गल्लीतली इंटरनेटची केबल तुटली की जोडायला तोच कारागीर येतो. काळ्या कापडावर केसाएवढ्या काचेच्या तारा मांडतो, टोके पुसतो आणि यंत्रात धरून जोडतो. या तारांतून उजेड लुकलुकत जातो, त्या लुकलुकण्यातच माणसांचे बोलणे असते, हे त्यानेच मला सांगितले.

कामाआधी तो दरवेळी विचारतो, "कुणाच्या घरी पेशंट हाय का?"

"पेशंट नाय, मॅच हाय! उरका लवकर," शेजारी ओरडतो.

"मॅच थांबंल," म्हणत तो कोपऱ्यावरच्या आजारी मास्तरांची तार आधी जोडतो.

एकदा तो काम करत असताना मी कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले. देवगाव रंगारीच्या, म्हणजे त्याच्याच गावच्या रस्त्यावर खोदकामात केबल तुटली होती. गावचा मोबाईल टॉवरही तिच्यावरच होता, त्यामुळे फोनही बंद पडले. ती जोडायला त्याला दुपार झाली.

"उजेड पलीकडं पोचला अन् पहिला फोन मलाच आला. बहीण होती. म्हणली, दादा, सकाळपासून लावतेय. आई तुझंच नाव घेत होती. घंटाभर झाला, गेली ती."

एवढे सांगून त्याने पुढची तार पुसली. शेवटची जोडल्यावर खिशातला फोन काढून, तसा कुणाचा फोन येतो का बघत, हातात धरला. फोन वाजला नाही. मग तो उठला.