त्रेपन्न नावाचा राखणदार

एक वेळ विषाणू माणसाला सोडील, पण माझी आत्या त्या विषाणूची गोष्ट सांगितल्याशिवाय माणसाला सोडणार नाही. कोऱ्हाळ्याच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली, म्हणजे शाळेपुरती झाली. तालुका अजून तिच्याच वर्गात बसतो. पाया पडणाऱ्या पोरीला बाकीच्या बायका "जेवलीस का" विचारतात, आत्या विचारते, "लस घेतलीस का?" एका लग्नात तिनं पंगतीतली जिलबी तोंडाशी नेलेली परत खाली ठेवली, कारण पेशी कशी दुभंगते ते शेजारणीला जिलबी मोडून दाखवायचं होतं. एकदा एसटीत तिच्याशेजारी बसलेला एक सज्जन इंदापूरचं तिकीट असून अंथुर्ण्यालाच उतरला आणि लिंबाखाली पुढच्या गाडीची वाट बघत बसला. "लई विचारात पडला बिचारा," आत्या कौतुकानं म्हणाली.

तिची ही सगळी विद्या उभी होती ती आमच्या अंथुर्ण्याच्या डाळिंबाच्या बागेतल्या एका कुत्र्यावर. झालं असं, की भर उन्हाळ्यात मोटारसायकलवरून एक अनोळखी माणूस आला आणि आईला म्हणाला, "मावशी, कुत्रं पिसाळलंय तुमचं. लाळ बघा की." उन्हाळ्यात कुठल्या कुत्र्याची लाळ गळत नाही? पण आईनं ते खरं धरलं आणि आमच्याच गड्यांना सांगून शेरूला निमगाव केतकीच्या पलीकडं सोडून यायला लावलं. दोन-चार दिवसांत तोडणीला आलेली निम्मी बाग चोरीला गेली. चोराला एक दगडसुद्धा मारावा लागला नाही. पुढं शेरू हडकलेला, धुळीनं माखलेला, आपल्या पायांनी परत आला, तेव्हा आईचा चेहरा बघवत नव्हता.

आत्याला मात्र घबाड सापडलं. "गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर करणारा एचपीव्ही विषाणू असंच करतोय बघ," ती दिसेल त्या बाईला सांगू लागली. "बहुतेकींच्या अंगातनं त्यो आपसूक जातो, एखादीच्या अंगात मुक्काम ठोकतो. पेशीत पी-त्रेपन्न नावाचं प्रथिन राखणीला असतंय. पेशी बिघडली की तिची वाढ थांबवतंय, न्हायच सुधरली तर तिला संपवतंय. विषाणू त्याच्याशी मारामारी करतच न्हाय. त्याच्यावर टाकाऊ म्हणून खूण करतो, आन् पेशीतलीच झाडलोटवाली यंत्रणा त्याला उचलून टाकती. दुसरं एक प्रथिन फाटक धरून असतंय, त्याचीबी कडी काढतो. मग बिघडलेल्या पेशींना रान मोकळं." एवढ्यावर थांबली असती तर ती आत्या कसली! तिनं शेरूचं नावच त्रेपन्न ठेवलं, आणि तेही बिचारं त्या हाकेला येऊ लागलं.

ही गोष्ट बाजारात गेली, पिठाच्या गिरणीत गेली, विहारात गेली, आणि तिच्याबरोबर आईचा वेंधळेपणाही गावोगाव गेला. कितीतरी बायका गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यायला बारामतीला जाऊन आल्या. आत्याची सख्खी भावजय तेवढी जाईना. आत्याची शाळेतली जिवलग मैत्रीण याच दुखण्यानं गेली होती, म्हणून तर तिनं हा ध्यास घेतला होता. ती रोज आईच्या मागं लागायची.

"वन्सं, मला काय दुखतंय का? मग कशाला जायचं?"

"शेरूला नेल्यावर बाग भुंकली हुती का, वैनी?"

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "बघा, परत तेच. त्या कुत्र्याची गोष्ट पुन्यांदा कुणाला सांगणार न्हाय म्हणा, मग येते."

ती गोष्ट आत्याचा जीव की प्राण होती, आणि आईला ते चांगलं ठाऊक होतं. आत्यानं एकदा अंगणातल्या कुत्र्याकडं पाहिलं, एकदा आईकडं.

"न्हाय सांगणार. चप्पल घाला."

तपासणीत पेशी बदलायला लागलेल्या सापडल्या. कॅन्सर नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. डॉक्टरीणबाईंनी तेवढा भाग काढला आणि आई त्याच संध्याकाळी घरी येऊन, आमटीला मीठ कमी म्हणून मला बोलली. मी मोरीत जाऊन मनसोक्त रडले. नंतरच्या तपासण्या आजवर चांगल्या आल्या आहेत.

आत्यानं शब्द पाळला. डाळिंबं निवडायला आलेल्या बायकांनी "बाई, ती कुत्र्याची गोष्ट सांगा की" म्हटलं, की ती आभाळाकडं बघते. मग आईच पदर खोचून बसते. "वन्संचं तोंड मी बांधलंय, आता मलाच सांगितलं पायजे," म्हणते आणि सुरू होते. तिच्या गोष्टीत त्या एका अनोळखी माणसाचे आता तीन झालेत. ते आत्या कसंबसं सोसते. पण आई दर वेळी न चुकता म्हणते, "तर पेशीत असतंय पी-पन्नास."

आत्याचा जीव कासावीस होतो. ओठ हलतात, शब्द दिलेला असतो. शेवटी ती अंगणाकडं तोंड करून खणखणीत हाक मारते, "त्रेपन्न, हिकडं ये!"

आई हसून आपली चूक दुरुस्त करते. कुत्रं आता म्हातारं झालंय, हाकेला उशिरा उठतं, लंगडत येतं. ते ओसरीपर्यंत पोचेतो नणंद-भावजय त्याच्या वाटेकडं बघत शेजारी शेजारी बसून राहतात, आणि मला वाटतं, त्यानं अजून जरा सावकाश यावं.