ब्रेक दाबला की हॉर्न

काल माझ्या स्कूटीची वायर जळाली. तो करपट वास नाकात शिरला आणि मी एकदम वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या मोटारसायकलवर मागं जाऊन बसले.

तेव्हा मी नववीत होते. मुरुम गावच्या मेस्त्रीनं अण्णांना बजावलं होतं, "वायरिंगला हात लावू नका." अण्णांनी त्याच दिवशी अंगणात बसून, दातांनी वायरी सोलून, एकदोन जाळून बंद पडलेला हॉर्न जोडला. हॉर्न लागला, पण ब्रेक दाबला की आपोआप वाजायचा.

दोनच दिवसांनी सास्तूरहून निरोप आला, की आत्याचे यजमान गेले. अण्णा मला घेऊन त्याच गाडीवर निघाले. आत्याच्या दारात माणसं खाली मान घालून बसली होती. अण्णांनी ब्रेक दाबला आणि हॉर्न ठणाणा ओरडला. ते गडबडले आणि पाय आणखीच जोरात दाबून बसले.

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

आत्या सकाळपासून दगडासारखी बसून होती, रडलीसुद्धा नव्हती. तिनं मान वर केली. "सदा, घरीच दुरुस्त केलास व्हय रं?"

"व्हय, अक्का."

"तुझे दाजी असते तर लई हसले असते," असं म्हणत तीच हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. आज वाटतं, मेस्त्रीचं ऐकलं असतं तर आम्ही गुपचूप पोचलो असतो, आणि ती तशीच बसून राहिली असती.

बऱ्याच वेळानं ती अण्णांच्या हातून घोटभर पाणी प्याली.